स्टीफन फॉस्टरची हिशेबवही

जमाखर्ची

बँकेत एकतीस वर्षं लेजर सांभाळलं. निवृत्त झाल्यावर माऊथ ऑर्गन शिकायला घेतला आणि पहिली धून बसली ती 'ओ! सुझाना'. सरावाच्या पुस्तकात, जिथे संगीतकाराचं नाव असतं तिथे, नुसतं 'पारंपरिक' छापलेलं होतं. मला ते खरंच वाटलं. इतकी सोपी, कुणाच्याही तोंडी सहज बसणारी चाल कुणा एकाची कशी असेल?

पण ती एकाची आहे. स्टीफन कॉलिन्स फॉस्टर. वाचायला लागलो तेव्हा कळलं की तो आमच्याच पेशातला. ही चाल लोकांपुढे आली त्या काळात तो सिनसिनाटीत भावाच्या कचेरीत हिशेब लिहीत होता. पुस्तकातला तो शब्द मी खोडला आणि पेन्सिलीनं फॉस्टरचं नाव लिहिलं. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

जन्म ४ जुलै १८२६, पिट्सबर्गजवळच्या लॉरेन्सव्हिलचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली होती आणि त्याच दिवशी जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी अध्यक्ष वारले. वडील व्यापारी, राजकारणातही असलेले, पण पैशाच्या बाबतीत हात सैल. ज्या पांढऱ्या घरात स्टीफन जन्मला ते तो अगदी लहान असतानाच कर्जापायी बँकेकडे गेलं. मग हे मोठं कुटुंब भाड्याच्या जागांतून फिरत राहिलं. फॉस्टरची सर्वांत गाजलेली गाणी सुटलेल्या घराची आहेत, ती ऐकताना हे मनात ठेवावं.

शाळा-कॉलेजात त्याचं मन रमलं नाही. अठराव्या वर्षी, १८४४ साली, पहिलं गाणं छापून आलं. १८४६ मध्ये भाऊ डनिंगच्या आगबोटींच्या व्यवसायात हिशेबनीस म्हणून तो सिनसिनाटीला गेला. ओहायो नदीचा धक्का, येणाऱ्याजाणाऱ्या बोटी, हमाल, आणि गावात उतरणाऱ्या 'मिन्स्ट्रेल' मंडळ्या. या मंडळ्यांतले गोरे नट तोंड काळं करून गाण्यांचे खेळ करत. फॉस्टर त्यांना आपली गाणी द्यायचा. ११ सप्टेंबर १८४७ रोजी पिट्सबर्गच्या एका आइस्क्रीमच्या दुकानातल्या कार्यक्रमात 'ओ! सुझाना' पहिल्यांदा गायलं गेलं. १८४८ मध्ये ते छापलं गेलं आणि १८४९ च्या सोन्याच्या धावपळीत कॅलिफोर्नियाला निघालेल्या हजारो लोकांनी ते तोंडी नेलं.

फॉस्टरला या गाण्याचे मिळाले शंभर डॉलर. दोन-तीन वर्षांत जवळपास तीस वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या, बहुतेक त्याला न विचारता, काहींवर त्याचं नावही नाही.

पण त्या शंभर डॉलरांवरून त्यानं ओळखलं की यावर पोट भरता येईल. १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या फर्थ, पाँड या प्रकाशकांशी त्यानं करार केला, प्रतीमागे दोन सेंट. (पुढे हा दर वाढला.) १८५० मध्ये नोकरी सोडली, पिट्सबर्गला परतला आणि फक्त गाणी लिहून जगायचं ठरवलं. गायक म्हणून दौरे नाहीत, शिकवण्या नाहीत. त्याच्या आधी अमेरिकेत असं जगू पाहिलेला माणूस जवळपास नाहीच.

माझ्यासारख्याला इथे थांबून उत्पन्नाच्या बाजू मोजाव्याशा वाटतात. ध्वनिमुद्रण नाही, फोनोग्राफ यायला १८७७ उजाडावं लागलं. जाहीर गायनाचं मानधन नाही, कारण अमेरिकी कायद्यात संगीताच्या जाहीर सादरीकरणाचा हक्क १८९७ साली आला. कुणीही, कुठेही, कितीही वेळा गावं, फॉस्टरला काही देणं लागत नव्हतं. उरला फक्त छापील कागद. त्या कागदावर त्यानं सारं आयुष्य लावलं.

१८५१ मध्ये 'ओल्ड फोक्स ॲट होम' आलं. सगळ्यांत जास्त खपलेलं हेच. त्याच्या मुखपृष्ठावर गीतकार-संगीतकार म्हणून नाव आहे ई. पी. ख्रिस्टी या मिन्स्ट्रेल मंडळीच्या मालकाचं. थोड्याशा रकमेत फॉस्टरनं नाव लावायची मुभा त्याला दिली होती. मे १८५२ मध्ये त्यानं ख्रिस्टीला पत्र लिहिलं: अशा गाण्यांबद्दल काही लोकांच्या मनात अढी असते, माझ्या दुसऱ्या प्रकारच्या गाण्यांना त्यामुळे धक्का बसेल असं वाटून मी नाव लपवत होतो, आता मला भीती किंवा लाज न बाळगता ही गाणी माझ्या नावावर हवी आहेत. ख्रिस्टीनं ऐकलं नाही. फॉस्टर जिवंत असेपर्यंत ते गाणं छापील कागदावर ख्रिस्टीचंच राहिलं.

जानेवारी १८५७ मधली त्याची हिशेबाची नोंद उपलब्ध आहे. प्रत्येक गाणं, त्यानं आजवर किती दिलं, पुढे किती देईल. 'ओल्ड फोक्स'पुढे सुमारे १,६४७ डॉलर. त्याच्या अंदाजानं या गाण्यांची पुढची किंमत अडीच हजार डॉलरांच्या वर होती. त्यानं सगळे हक्क विकले १,८७२ डॉलर २८ सेंटला. किंमत ठाऊक असताना, तोटा डोळ्यांसमोर मांडून विकले. कारण उचल घेऊन घेऊन तो प्रकाशकांच्या देण्यात होता. मी कर्जखात्यावर काम केलंय. असा हिशेब टेबलापलीकडे बसलेल्या माणसांच्या हातात पाहिलाय. आकडे अगदी बरोबर असतात, पण माणसाला थांबायला वेळ नसतो.

१८६० मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. आता गाणी रोख विकायची, रॉयल्टी नाही. दारू वाढली, बायको जेन मुलीला घेऊन पेनसिल्व्हेनियाला परतली. शेवटच्या चार वर्षांत शंभराच्या आसपास गाणी लिहिली, बरीचशी घाईची. जानेवारी १८६४ मध्ये बावरी भागातल्या हॉटेलात आजारी असताना तो पडला आणि खोल जखम झाली. १३ जानेवारीला बेलव्ह्यू रुग्णालयात वारला. वय ३७. पाकिटात ३८ सेंट आणि कागदाचा एक चिटोरा, त्यावर 'प्रिय मित्रहो आणि कोमल मनांनो' अशा अर्थाचे शब्द.

इथल्या जाणकारांनी भर घालावी.

सुरंगी

वाचतेय. 'ओल्ड फोक्स'मध्ये जी नदी आहे ती त्याच्या ओळखीची होती का? मी ते गाणं शाळेत ऐकलंय आणि नेहमी वाटायचं की हा माणूस त्या काठावरच वाढला असणार.

जमाखर्ची

नाही, सुरंगीताई. त्यानं ती कधीच पाहिली नाही. कच्च्या खर्ड्यात 'पी डी' ही कॅरोलायनातली नदी होती. ते नाव त्याला रुचत नव्हतं. भाऊ मॉरिसननं सांगितलेली हकिगत अशी की दोघांनी नकाशाची वही उघडली आणि फ्लोरिडातली 'सुवानी' सापडली. ती तीन अक्षरी, जागा दोन अक्षरांची, म्हणून 'स्वानी'. दक्षिणेत तो गेला तेही गाणं छापून झाल्यावर, १८५२ मध्ये, मिसिसिपीतून बोटीनं न्यू ऑर्लिन्सपर्यंत. फ्लोरिडानं १९३५ साली हे गाणं राज्यगीत केलं आणि त्या नदीकाठी आज त्याच्या नावाचं उद्यान आहे.

पेटीवाला

त्या दोन अक्षरांची जागा चालीत कुठे येते ते बघा, म्हणजे नावासाठी तो एवढा का अडून बसला ते कळेल. ओळ अशी चालते:

ग रे सा ग रे सा सां ध सां, प ग सा रे

'ग रे सा, ग रे सा' असं दोनदा खाली उतरून झाल्यावर मधल्या षड्जावरून एकदम तार षड्ज. ती उडी नेमकी नदीच्या नावात आहे, पहिलं अक्षर मध्य सा, दुसरं तार सां. सगळ्या ओळीचा जीव तिथे आहे. मग 'दूर, दूर' म्हणताना प ग सा असं पायरीपायरीनं खाली येऊन रे वर लोंबकळत थांबतो. सा वर येत नाही. घरी पोचत नाही.

'ओ! सुझाना' आणखी साधं. कडवं पाच सुरांत: सा रे ग प, प ध प ग सा, रे ग ग रे सा रे. भूपाचेच सूर. (भूप नव्हे, सूर तेवढे.) मध्यम पूर्णपणे राखून ठेवलाय. आणि ध्रुवपद त्या मध्यमावरच सुरू होतं: म म ध ध ध, प प ग सा रे. अख्खं कडवं न लावलेला सूर हाक मारताना पहिल्यांदा येतो. म्हणून त्या जागेवर लोक आपोआप मोठ्यानं गातात. हे योगायोगानं होत नाही. चाल बांधणाऱ्याला ते कळलेलं आहे.

मोनोंगाहेला

पिट्सबर्गात राहतो. विद्यापीठाच्या उंच इमारतीला लागूनच फॉस्टरचं स्मारक-सभागृह आहे, १९३७ सालचं. इंडियानापोलिसच्या जोसाया लिली या औषध उद्योजकानं फॉस्टरचे कागद, पहिल्या छपाया जमवल्या आणि इथे दिल्या. तुम्ही लिहिताय ते हिशेब आज वाचता येतात ते अशा जतनामुळे.

पण इथला फॉस्टर म्हटलं की मला आधी पुतळा आठवतो. जुसेप्पे मोरेट्टीनं केलेला, १९०० सालचा. फॉस्टर सुटाबुटात वर बसून वहीत लिहितोय आणि पायाशी एक अनवाणी कृष्णवर्णीय माणूस बँजो वाजवतोय. मी नवा आलो तेव्हा रोज बसच्या वाटेवर तो दिसायचा. पहिल्यांदा वाटलं की दोन वादक मित्र आहेत. मग एकदा जवळ जाऊन पाहिलं. एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या हातात वाद्य. एकाचं नाव चबुतऱ्यावर, दुसरा गाण्यातलं पात्र. शहरात बराच काळ वाद झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये पुतळा हलवला. फॉस्टरची कबर लॉरेन्सव्हिलमध्येच, ॲलेगेनी दफनभूमीत. जन्म आणि कबर एकाच मोहल्ल्यात, आणि गाणी मात्र सगळी दूर राहिलेल्या घराची.

अवनी

जमाखर्ची काका, धागा मनापासून आवडला, पण मोनोंगाहेलांनी सांगितलेल्या पुतळ्याकडे पुन्हा बघू या. तुमच्या हिशेबात फॉस्टर येणेकरी आहे, प्रकाशक आणि ख्रिस्टी देणेकरी. पायाशी बसलेल्या माणसाचं खातंच उघडलेलं नाही.

मिन्स्ट्रेल खेळ तुम्ही एका वाक्यात सांगितला. ते गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायचे, गुलामांच्या बोलीची, चालण्याची नक्कल करायचे आणि प्रेक्षक हसायचे. हे चालू होतं तेव्हा दक्षिणेत माणसांची खरेदी-विक्री होत होती. 'ओ! सुझाना'च्या मूळ छापील कडव्यांत शेकडो काळ्या माणसांच्या मरणाचा उल्लेख विनोद म्हणून येतो, तोही आज तोंडातून काढू नये अशा शब्दात. मुलांच्या पुस्तकांतून ते कडवं गळलंय, म्हणून आपल्याला चाल निरागस वाटते.

फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून सुटलेला. १८४८ मध्ये त्यानं आपल्या वर्तमानपत्रात या नटांबद्दल लिहिलं की निसर्गानं त्यांना न दिलेला रंग त्यांनी आमच्याकडून चोरला, पैसे मिळवायला. आपण इथे कुणी कुणाचे पैसे बुडवले ते मोजतोय, म्हणून हे वाक्य मला इथे महत्त्वाचं वाटतं.

जमाखर्ची

अवनी, बरोबर आहे. ते खातं मी उघडलं नाही. वाचलं होतं, आणि तरी एका वाक्यात उरकलं, कारण मला फॉस्टरबद्दल वाईट वाटत होतं.

त्याच डग्लसनं १८५५ मध्ये भाषणात 'माय ओल्ड केंटकी होम' आणि 'अंकल नेड' यांचा चांगला उल्लेख केला, की अशी गाणी ऐकणाऱ्याच्या मनात गुलामाबद्दल कणव जागी करतात. दोन्ही मतं एकाच माणसाची, सात वर्षांच्या अंतरानं. मधल्या काळात फॉस्टरही बदलत होता. १८४९ च्या 'नेली वॉज अ लेडी'त एक गुलाम आपल्या मेलेल्या बायकोसाठी रडतो आणि तिला 'लेडी' म्हणतो, तेव्हा तो शब्द गोऱ्या बायकांसाठी राखीव होता. 'केंटकी होम'चा खर्डा 'अंकल टॉम्स केबिन' ही गुलामगिरीविरोधी कादंबरी वाचून लिहिलेला, ध्रुवपदात टॉमचं नाव आणि नकली बोली. छापताना त्यानं दोन्ही काढलं. पुढे ती बोली त्यानं जवळजवळ सोडूनच दिली. त्याचा मित्र चार्ल्स शायरस गुलामगिरीविरुद्ध लिहिणारा कवी होता. पण हेही सांगायला हवं की १८५६ मध्ये फॉस्टरनं प्रचारगीतं लिहिली ती अध्यक्षपदाचा डेमोक्रॅटिक उमेदवार जेम्स ब्युकॅननसाठी. बहिणीचं लग्न ब्युकॅननच्या भावाशी झालेलं, आणि तो पक्ष गुलामगिरीला हात लावायला तयार नव्हता.

त्यामुळे त्याला मी निर्दोष ठरवत नाही. तो ज्या बाजारात उभा होता तो बाजार त्याला ठाऊक होता.

वाटसरू

केंटकी डर्बीला दर मे महिन्यात घोडे मैदानात येताना हजारो लोक उभं राहून 'माय ओल्ड केंटकी होम' गातात. १९२८ पासून ते तिथलं राज्यगीत आहे. त्यातला एक वांशिक शब्द विधिमंडळानं १९८६ मध्ये बदलून 'लोक' केला. पहिलं कडवंच गातात, म्हणून पुढे काय होतं ते बहुतेकांना कळत नाही. ते गाणं घरापासून तोडून खोल दक्षिणेत उसाच्या मळ्यावर विकलेल्या माणसाचं आहे. तिथे तो मरेपर्यंत राबणार आहे. शब्द बदलला ते ठीकच, पण गाणं पुरतं गायलं तर त्या मैदानावर शांतता पसरेल.

अवांतर, पण जोडलेलं: २३ जानेवारी १८९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये झेक संगीतकार द्व्होर्जाकनं 'ओल्ड फोक्स ॲट होम'ची स्वतःची मांडणी सादर केली. गाणारे होते सिसिरेटा जोन्स आणि हॅरी बर्ली, दोघंही कृष्णवर्णीय. फॉस्टरला जाऊन तीस वर्षं झाली होती.

आणि १९०३ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसनं लिहिलं की फॉस्टरच्या या गाण्यांवर गुलामांच्या गाण्यांचा ठसा आहे. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी अमेरिकेत घडवलं. काका, तुम्ही 'पारंपरिक' हा शब्द खोडलात, पण त्यात थोडं खरंही होतं.

सुरंगी

ख्रिस्टीचं वाचून मला आपल्या नाममुद्रा आठवल्या. 'तुका म्हणे' शेवटच्या चरणात आहे. शाहीर लावणीच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफतात. गाणं कुणीही, कुठेही गाऊ दे, नाव गायलंच जातं. फॉस्टरचं नाव फक्त मुखपृष्ठावर होतं, आणि मुखपृष्ठ छापणारा बदलू शकत होता.

केतकी

जेनबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. लग्न २२ जुलै १८५०, मुलगी मॅरियन पुढच्याच वर्षी. १८५४ चं 'जीनी विथ द लाइट ब्राउन हेअर' हे तिचंच, खर्ड्यात 'जेनी' आहे. दोघं तेव्हा अधूनमधून वेगळे राहत होते, आणि ते गाणं तसंच आहे, समोर नसलेल्या माणसाबद्दलचं. घर चालवायला जेननं ग्रीन्सबर्गच्या रेल्वे कचेरीत तार पाठवण्याचं काम केलं. नवरा पूर्ण वेळ गीतकार आणि पगार आणणारी ती.

कॉपीराइटची पहिली मुदत २८ वर्षांची होती, नंतर विधवा किंवा मुलांना नूतनीकरण करता यायचं. 'ओल्ड फोक्स'ची मुदत १८७९ मध्ये संपली, तेव्हा जेन आणि मॅरियनचा हक्क लागला आणि त्या गाण्यावर शेवटी फॉस्टरचं नाव आलं. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

जमाखर्ची

केतकीताई, ही नोंद माझ्याकडून सुटली होती, आभार. 'जीनी'चं खातं पूर्ण करतो. फॉस्टरला त्या गाण्यानं जेमतेम २१७ डॉलर दिले. १९४१ मध्ये अमेरिकी रेडिओ केंद्रं आणि संगीतकारांची संस्था यांचं दरावरून बिनसलं. केंद्रांनी संस्थेची सगळी गाणी बंद केली आणि जवळपास दहा महिने हक्क संपलेलं जुनं संगीत लावलं. तेव्हा सर्वांत जास्त वाजलेल्या गाण्यांत 'जीनी' होतं. रोज, देशभर. कुणाला एक सेंटही देणं नव्हतं, म्हणूनच.

वाटसरू, पुस्तकात फॉस्टरचं नाव राहू देतो. त्याखाली अजून एक ओळ लिहायची आहे, पण कुणाचं नाव लिहू? धक्क्यावरच्या कुठल्या हमालाचं गाणं त्यानं ऐकलं असेल? ती जागा सध्या रिकामी ठेवली आहे.

नवशिका

काका, माझ्याकडे दहा छिद्रांचा सी पट्टीचा माऊथ ऑर्गन आहे. 'ओ! सुझाना'चे आकडे द्याल का?

जमाखर्ची

देतो. नुसता आकडा म्हणजे फुंकायचं, आकड्यापुढे 'ओ' म्हणजे श्वास आत ओढायचा.

कडवं: ४ ४ओ ५ ६, ६ ६ओ ६ ५ ४, ४ओ ५ ५ ४ओ ४ ४ओ

ध्रुवपद: ५ओ ५ओ ६ओ ६ओ ६ओ, ६ ६ ५ ४ ४ओ

पेटीवाल्यांनी सांगितलेला मध्यम म्हणजे तो ५ओ. कडव्यात तो कुठेच येत नाही, म्हणून पहिल्यांदा ओढताना घाई होते आणि सूर चिरकतो. कडवं संपलं की अर्धा श्वास थांब आणि मगच घे.